दाढीचा फेस: १४ मार्च ते १८ जुलै

१४ मार्च २०२४, गुरुवार

आमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे प्रकल्पाचा (डब्यातला फोम सोडून ब्रश-साबणानं दाढी) मुहूर्तही गुरुवारचाच.

निमित्त साधं. फोमचा डबा हलवला की आत काहीतरी डुचमळतंय, आणि दाबला की नुसतंच फुस्स. माल शिल्लक, गॅस संपलेला. हे तिसऱ्यांदा झालं. शिवाय बाथरूमच्या फळीवर डब्याच्या बुडाच्या गंजाचं तांबूस कडं उमटलंय, ते कशानंच जात नाही. आणि कंठमण्याच्या डाव्या बाजूला गेली चार-पाच वर्षं कायमची लाल पुरळ.

आणलेलं सामान: डुकराच्या केसांचा ब्रश (लाकडी मूठ), दाढीचा गोल साबण. वाटी घरातलीच, स्टीलची. ती देताना बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "ही आता परत स्वयंपाकघरात येणार नाही ना?"

साबणाचं वजन १००.४ ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ऑनलाइन मागवलेला. चाकणला क्वालिटी विभागात पंधरा वर्षं काढल्यावर माणूस दाढीसुद्धा नोंदवहीशिवाय करू शकत नाही.

नियम एकच: एका वेळी एकच बदल. रेझर जुनाच, तीन ब्लेडवाला. दाढी रोज, गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी साबण वाळवून वजन करायचं. (आजचा अपवाद, धीर धरवला नाही.)

आजचा निकाल: वाटीत दोन मिनिटं ब्रश फिरवला. साबुदाण्याएवढे बुडबुडे आले. गालाला लावले आणि मिशीपर्यंत पोचेस्तोवर गाल कोरडा. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. तुरटी फिरवली, झणझणली.

१६ मार्च, शनिवार

ब्रशला वास येतो, ओल्या बकरीसारखा. तीन-चारदा साबण लावून धुतल्यावर जातो म्हणतात. आज सात केस गळले, एक ओठाला चिकटून ऑफिसपर्यंत आला.

आईनं ब्रश पाहिला.

"केस कशाचे रे हे?"

"प्राण्याचे."

"अरे, पण कुठल्या?"

सांगितलं. ब्रशची रवानगी मागच्या बाथरूममध्ये झाली; पुढचं देवघराला लागून आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात दाढीच्या ब्रशांमधून अँथ्रॅक्स पसरला होता, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांमुळे. ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिक-नागरिक मिळून दोनशेहून जास्त लोकांना लागण झाली. हे आईला सांगितलेलं नाही.

२१ मार्च, गुरुवार

सहा दाढ्यांचा आढावा. फेसाच्या तीन जाती ओळखता यायला लागल्यात. पाणी कमी पडलं की चक्का: ब्रशला चिकटून बसतो, गालाला लागतच नाही. जास्त झालं की ताक. हवं आहे श्रीखंड. चक्का आणि ताक रोज जमतंय. श्रीखंड एकदाच, मंगळवारी, आणि तेही अर्ध्या मिनिटात फाटलं.

शंका क्रमांक १: ब्रश नीट भिजत नसेल. डुकराचा केस पाणी पितो. कोरडाच वापरला तर फेसातलं पाणी तोच शोषून घेतो. उद्यापासून दहा मिनिटं मगात भिजवून ठेवणार.

२६ मार्च, मंगळवार

काल धुळवड. कानाजवळचा हिरवा रंग निघावा म्हणून दोनदा दाढी केली, रंग निघाला नाही. भिजवण्यानं थोडा फरक पडला, पण फेस टिकत नाही तो नाहीच. ब्रश झटकल्यावर वाटीच्या कडेला राखाडी-पांढरा, दाणेदार साका राहतो. तो साबणाचा चुरा समजून मी दुर्लक्ष करत होतो. नोंद करून ठेवतो.

४ एप्रिल, गुरुवार

केस कापायला गेलो तेव्हा सलूनमध्ये दाढीही करून घेतली, हेतू हेरगिरीचा. त्यांच्याकडे साबण नाही, ट्यूबमधली क्रीम. वाटाण्याएवढी थेट गालावर, ब्रश पाण्यात बुडवून एकदाच झटकला, आणि मग गालावरच गोल गोल. मिनिटभरात अख्खा चेहरा पांढरा. वस्तरा म्हणजे हल्ली नुसता पकडीचा सांगाडा: दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं आत सरकवायचं, गिऱ्हाईक झालं की फेकून द्यायचं. हाताची गती बघत राहण्यासारखी. कानशिलावर अंगठ्यानं कातडी ताणली की वस्तरा येतो, वस्तरा उचलला की अंगठा पुढे.

त्यांना माझी रड सांगितली. हसले. "साबण वाचवू नका हो, पाणी वाचवा. साबण वाढवत नेता येत नाही, पाणी नेता येतं."

म्हणजे शंका क्रमांक २: मी साबण कमी घेतोय. उद्यापासून ब्रश साबणावर मोजून ४० सेकंद.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

४० सेकंद घासून बघितलं, ६० सेकंदही. सुरुवात झकास होते, पाणी घालायला लागलं की पुन्हा तेच. आणि साका वाढलाय! सणाच्या दिवशी गळ्यावर पुरळ घेऊन श्रीखंड खाल्लं. ते मात्र वाटीत टिकून होतं.

१८ एप्रिल, गुरुवार

साबण ६७.४ ग्रॅम. तीस दाढ्यांत ३३ ग्रॅम गेला, म्हणजे दर दाढीला १.१. जास्त वाटतंय.

तुलना म्हणून जुन्या डब्याच्या शेजारचा दुसरा, अर्धा भरलेला डबा काढून एका दाढीपुरता फोम काट्यावर घेतला: ७ ग्रॅमच्या आसपास. पण त्यात बहुतेक पाणीच. बाकी थोडा साबण आणि ढकलायला आयसोब्युटेन, प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद. असा पहिला डबा अमेरिकेत १९४९ साली आला, राइज नावाचा. त्याआधी जगभरचे पुरुष वाटी-ब्रशनंच फेस करत होते, आणि ते सगळे काही माझ्यापेक्षा हुशार असणं शक्य नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते.

शंका क्रमांक ३: ब्रशच चुकीचा. नायलॉनचा मऊ ब्रश मागवला. नियमाप्रमाणे बाकी काही बदललेलं नाही.

२२ एप्रिल, सोमवार

नायलॉनचा ब्रश भिजवावा लागत नाही, वास नाही, एकही केस गळला नाही. आईला पसंत. फेस: ताक. साका: तोच. ब्रश निर्दोष सुटला, मी चारशे रुपयांना गेलो.

फोमच्या अर्ध्या डब्याकडे दोनदा नजर गेली. बायकोच्या ते लक्षात आलं.

५ मे, रविवार (रत्नागिरी जिल्हा, सासुरवाडी)

काल दुपारी पोचलो. ब्रश (डुकराचा) आणि साबण सोबत, वाटी त्यांची, पितळी. सकाळी सात वाजता विहिरीच्या काठावर, पोफळीच्या सावलीत दाढीला बसलो. कळशीतलं पाणी, ब्रश पाच मिनिटं भिजवला, साबणावर सवयीनं ४० सेकंद फिरवला.

आणि वाटी भरून वर आली.

खरंच वर आली. ब्रश उचलला तर फेसाचं शिखर वाकून उभं राहिलं, पडेना. घट्ट, चमकदार, एक बुडबुडा डोळ्याला दिसू नये इतका बारीक. तोंडाला फासून उरला, म्हणून पुन्हा एकदा फासला. रेझर घसरत गेला. तीन ब्लेडच्या फटीत काही अडकलं नाही. वाटीच्या कडेला साका? शून्य.

सासरे आंब्याची पेटी बांधत होते. म्हणाले, "जावईबापू, साबण फार घातलात."

मी म्हटलं, घातला नाही, तेवढाच घातला. सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "आमचं पाणी गोडं. पुण्यास तुमच्याकडे डाळ तरी शिजते का त्या पाण्यात?"

ब्रश हातात धरून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

५ मे, रात्री

बायकोला विचारलं, पुण्यात डाळ कुठल्या पाण्यात लावतेस? "आरओच्या. बोअरच्या पाण्यात कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी तूर टणक राहते, हे तुला आत्ता कळतंय?"

आठ वर्षं ही गोष्ट स्वयंपाकघरात ठाऊक होती, पण बाथरूमपर्यंत पोचली नव्हती. या आठ वर्षांत मी गीझरची कॉइल दोनदा बदलली, शॉवरच्या जाळीतली चुन्यासारखी खरपुडी टाचणीनं काढली, नळावरचे पांढरे डाग लिंबानं घासले. आणि फेस होत नाही म्हणून दोष दिला कोणाला, तर ब्रशला.

९ मे, गुरुवार

परतलो. सोबत दोन लिटर विहिरीचं पाणी (सामानात आंब्यांची जागा अडवली म्हणून घरात एकदा वाद). साबण ५०.१. कोकणातल्या चार दाढ्यांना जेमतेम अडीच ग्रॅम लागला, दर दाढीला ०.६.

पुढच्या गुरुवारपर्यंत मुद्दाम जुन्याच पाण्यात दाढी करणार. आधी मोजमाप, मग उपाय.

१६ मे, गुरुवार

प्रकल्पातला सगळ्यात चांगला दिवस. दाढी केलीच नाही.

मत्स्यालयाच्या दुकानातून पाण्याचा जडपणा मोजायचा थेंबांचा संच आणला. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, थेंब मोजत टाकायचे, लाल रंग हिरवा झाला की थांबायचं. एक थेंब म्हणजे जर्मन मापाचा एक अंश, म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा.

सोसायटीचं पाणी (बोअर आणि टँकर यांचं मिश्रण): २९ थेंब, म्हणजे ५१६. बाविसाव्या थेंबाला मला वाटलं संच खराब आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. म्हणजे आमचं पाणी मानकाप्रमाणे चालवून घेण्यातलं.

तेच पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, फडक्यातून गाळून: १९ थेंब. बायकार्बोनेटचा भाग तळाशी बसला, बाकीचा उकळून जात नाही. दाढीसाठी गरम पाणी घ्या म्हणतात त्यामागे थोडं हेही असावं, पण गीझरचं कोमट पाणी म्हणजे उकळलेलं नव्हे.

आरओ: २ थेंब. कोकणची विहीर: ३ थेंब.

मग बाटल्यांची परीक्षा. चार सारख्या बाटल्या, प्रत्येकीत १०० मिली पाणी, साबणाचा कीस ०.१ ग्रॅम, वीस वेळा हलवायचं. आरओ आणि विहीर: बोटभर उंच फेस, अर्ध्या तासानंही उभा. उकळलेलं: अंगठ्याच्या नखाएवढा, पाच मिनिटांत गेला. नळाचं: फेसच नाही. पाणी दुधाळ झालं आणि वर तवंगासारखे कण तरंगायला लागले. हाच तो साका. मुलगा म्हणाला, "बाबा, नासलेलं दूध." अगदी तसंच दिसतंय.

कारण आता वहीत नीट लिहून ठेवतो. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचा पोटॅशियम आणि सोडियम साबण. पोटॅशियममुळे तो मऊ आणि चटकन विरघळणारा होतो, स्टिअरिकमुळे फेस घट्ट. पण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की ते स्टिअरेटला पकडतं आणि न विरघळणारा साबण तयार करतं. तो फेस तर करत नाहीच, उलट त्याचे कण असलेला फेस फोडतात. म्हणजे दुहेरी नुकसान.

हिशेब: दाढीला ३० मिली पाणी धरलं तर ५१६ च्या दरानं त्यात साधारण १५ मिलिग्रॅम जडपणा. त्यानं मारला जाणारा साबण जेमतेम ०.१ ग्रॅम. पण माझा तर ०.५ जास्त जातोय. फरक कुठे गेला, यावर चहा संपेपर्यंत विचार केला. उत्तर लाजिरवाणं आहे: फेस फाटला की मी परत साबणावर ब्रश घासायचो, दर दाढीला दोनदा, कधी तीनदा. शिवाय ब्रशच्या पोटात भिजवलेलं पाणी असतं, ते मी ३० मिलीत धरलंच नव्हतं.

आणि डब्यातला फोम या पाण्यात का चालायचा? कारण त्यातलं पाणी माझं नव्हतंच. साबण आणि पाणी कारखान्यातच एकत्र केलेलं, तेही क्षार काढलेलं पाणी. चेहऱ्यावर येईपर्यंत नळाचा संबंधच नाही. वीस वर्षं मी तयार पाण्याचे पैसे देत होतो आणि समजत होतो की फेस माझ्या हातानं होतोय.

दोन पाण्यांत एवढा फरक का, याचं उत्तर जमिनीत आहे. आमच्या सोसायटीखाली काळा पाषाण, बेसाल्ट. त्याच्या भेगांतून झिरपत, कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत पाणी बोअरपर्यंत येतं. सासुरवाडीची विहीर जांभ्यातली. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसानं जांभ्यातून असले क्षार केव्हाच धुऊन नेलेत, उरलंय लोखंड आणि ॲल्युमिनियम.

१७ मे, शुक्रवार

स्टीलच्या पेल्यात आरओचं पाणी, अर्धा पेला. त्यात ब्रश भिजवला, त्याच पाण्याचे थेंब वाटीत. साबणावर २५ सेकंद, एकदाच.

श्रीखंड.

चेहरा आणि रेझर धुवायला नळाचंच पाणी, त्याला काही होत नाही. फक्त फेस लावण्याआधी ओल्या गालावर नळाचं पाणी राहू द्यायचं नाही, एवढी खबरदारी.

२३ मे, गुरुवार

सहाही दिवस फेस उभा. पुरळ थोडी फिकी, पण ती फेसाचीच होती असं म्हणायला अजून धजत नाही, कारण त्याच आठवड्यात मी गळ्यावर उलट्या बाजूनं रेझर फिरवणंही बंद केलं. नियम मोडला. बोटानं चाचपल्यावर कळलं की माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूचे केस वर न जाता कानाकडे आडवे वाढतात. इतकी वर्षं मी खालून वर ओढत होतो. दोन्ही बदल एकदम झाले, त्यामुळे श्रेय कोणाला ते वहीत रिकामं ठेवतो.

८ जून, शनिवार

संध्याकाळी पावसानं झोडपलं, रस्त्यांच्या नद्या झाल्या. ऑफिसहून घरी पोचायला अडीच तास. पहिला अर्धा तास धूळ धुऊन जाऊ दिली आणि मग गच्चीत पातेलं ठेवलं.

९ जून, रविवार

पावसाचं पाणी: पहिल्याच थेंबाला हिरवं. फेस कोकणापेक्षाही उंच. दाढी झाल्यावर उरलेला फेस मुलाच्या नाकाला लावला. त्याला सोळावं लागलंय, नाकाखाली काळी रेघ आहे. पूर्वी चिडला असता, आज त्यानं विचारलं, "ब्रश मऊ असतो का?"

डुकराचा ब्रश आता खरंच मऊ झालाय. ऐंशीच्या आसपास दाढ्या झाल्या. केसांची टोकं फाटून प्रत्येकाची दोन-तीन झाली आहेत, भिंगातून स्पष्ट दिसतात. सुरुवातीला टोचायचा तोच आहे यावर विश्वास बसत नाही.

४ जुलै, गुरुवार

पावसाळ्याची नवी अडचण. ब्रश छत्तीस तासांतही वाळत नाही, मुळाशी कुबट वास. मूठ वर आणि केस खाली असा टांगला तरी तेच; हवाच ओली तर टांगून काय होणार. उपाय: डुकराचा आणि नायलॉनचा आळीपाळीनं. चारशे रुपये वसूल व्हायला लागले. वापरलेला ब्रश फ्रीजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे. आईला अजून दिसलेला नाही.

१८ जुलै, गुरुवार

साबण ११ ग्रॅम. ग्लुकोज बिस्किटासारखा पातळ झालाय, मधून उजेड दिसतो. १७ मेपासून ५४ दाढ्या, दर दाढीला ०.६. नवीन साबण आणून ठेवलाय. उरलेला तुकडा ओला करून नव्याच्या डोक्यावर दाबून बसवणार.

पुरळ गेली. श्रेयाची जागा अजून रिकामीच.

फोमचा अर्धा डबा मुलानं मागितला नाही, मीही दिला नाही. पण आरओशेजारच्या माझ्या पेल्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावून त्यावर पेननं लिहिलंय: "बाबांचं दाढीचं. पिऊ नये." अक्षर आईचं आहे.